पानिपतच्या मांडणीत ‘आपले’ कोण?

दिवाळीत आपल्याकडे सोसायटी-सोसायटीत मुलं मातीचे किल्ले करतात. वर सिंहासनावर महाराज, उतारावर मावळे, भोवती अळीव पेरून उगवलेलं हिरवं रान. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांची इतिहासाशी पहिली ओळख या खेळण्यातल्या शिपायांमुळे होते. पण किल्ला ही आरास आहे, तिथे कुणी लढत नाही. युरोपात अशा शिपायांच्या लढाया नियमांनी खेळण्याची जुनी रीत आहे. प्रशियाच्या सैन्याने १८२४ मध्ये नकाशावरचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात घरातल्या फरशीवर खेळायचे नियम लिहिले.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. दिवाळीनंतर वर्गातली बाकं जोडून मुलांसोबत पानिपत मांडते : १४ जानेवारी १७६१. एक खेळणं म्हणजे शंभर माणसं. पूर्वेला निळ्या कापडाची यमुना. अब्दालीने ती बागपतला ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. दक्षिणेकडून येणारी रसद तुटली.

मग फौजा लावायच्या. मुलांनी भगवे आणि हिरवे कागद आधीच कापून ठेवलेले असतात. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारलं, “टीचर, इसमें अपने कौन हैं?” जानेवारी २०२४ मधला तणाव पाहिलेल्या मीरा रोडमध्ये हा प्रश्न खेळापुरता राहत नाही. मी म्हटलं, आधी मांडू, मग ठरवू.

मराठ्यांच्या डाव्या बाजूला इब्राहीमखान गारदी. त्याचं आठ-दहा हजारांचं कवायती पायदळ आणि तोफा. प्लास्टिकचे बंदूकधारी शिपाई इथे अगदी शोभतात. त्याच्यासमोर हाफिज रहमतखान आणि दुंदेखानाचे रोहिले. मध्यभागी सदाशिवरावभाऊ, समोर अब्दालीचा वजीर शहावलीखान. उजवीकडे शिंदे-होळकर. पलीकडे अवधचा शुजाउद्दौला, आणि त्याच्या फौजेत अनुपगिर गोसाव्याचे नागा साधू. शुजाच्याच पदरी काशीराज पंडित, मूळचा दक्षिणी ब्राह्मण. या लढाईची एक महत्त्वाची हकिगत त्यानेच फारसीत लिहिली.

एवढं मांडून झालं की कागदाचे दोन रंग पुरत नाहीत. गारद्यांना कोणता कागद लावायचा? नागा साधूंना कोणता?

आपल्या समाजात एक सवय आहे. कुणी निष्ठेबद्दल बोट दाखवलं की आपण इब्राहीमखानाचं नाव पुढे करतो. त्याने रोहिल्यांना जबर तडाखा दिला, जखमी होऊन पकडला गेला आणि कैदेतच मेला, हे खरंच आहे. पण तो कुणाचं प्रमाणपत्र म्हणून लढला नाही. तो आधी निजामाच्या चाकरीत होता, नंतर भाऊंकडे आला. शिपायांचा पगार दरमहा वेळेवर मिळावा म्हणून तो भाऊंशी भांडत असे, असं काशीराजच लिहितो. पगार मागणारा आणि शब्द पाळणारा, असा पूर्ण माणूस मला मुलांना दाखवायचा असतो. अनुपगिरही धर्माशी गद्दारी करत नव्हता, आपल्या धन्यासाठी लढत होता. लढाईनंतर विश्वासरावांचे अंत्यसंस्कार शुजाच्या छावणीतल्या हिंदूंच्या हातून झाले.

शेवटी मी मराठ्यांच्या फौजेमागे बाजरीचे दाणे ओतते. हे यात्रेकरू, बायका, मुलं, नोकरचाकर, बाजारबुणगे. अडीच महिन्यांच्या कोंडीत हे आणि शिपाई दोघेही उपाशी होते. मुलं विचारतात, हे दाणे किती घरं चालतात? त्यांच्यासाठी खेळात नियमच नाही. फौज मोडली की कत्तल मात्र त्यांचीही होते. तेव्हा त्या विद्यार्थ्याला मी सांगितलं, “हे दाणे आपले. दोन्हीकडचे जे नुसते मेले, तेही आपले.” त्याला ते लगेच पटलं नाही. पण दाणे जमिनीवर सांडू नयेत म्हणून त्याने बाकाच्या कडेला पट्टी लावली.

यंदा तुमच्या सोसायटीत जलदुर्ग करणार असाल, तर महाराजांच्या आरमारातला दौलतखानही मांडा. कुणाला उत्तर द्यायला नव्हे. तो तिथे होता, म्हणून.