घरदुरुस्तीसाठी मोठी आगाऊ रक्कम : ग्राहकाने घ्यावयाची दक्षता

घराच्या दुरुस्तीचे किंवा नूतनीकरणाचे काम स्वीकारताना कंत्राटदाराने आगाऊ रक्कम मागणे ही रूढ पद्धत आहे. साहित्याची खरेदी व कारागिरांची मजुरी यांसाठी भांडवल लागत असल्याने ही मागणी मुळात गैर नाही. मात्र कामाला प्रारंभ होण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक रक्कम दिल्यास काम पूर्ण करून घेण्याचे ग्राहकाच्या हातातील सर्वांत प्रभावी साधन निसटते. काम मध्येच थांबले, तर उखडलेल्या फरशीवर संसार मांडून बसण्याची वेळ कुटुंबावर येते.

नवीन सदनिकेच्या खरेदीत, नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारण्यास २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने विकासकाला मनाई केली आहे. राहत्या घराच्या खासगी दुरुस्तीला हे संरक्षण लागू होत नाही. तेथे उभयतांमधील करार हाच आधार असतो.

त्यामुळे मोठी रक्कम मागितली गेल्यास प्रथम तिचा तपशील लेखी मागावा. साहित्यासाठी पैसे हवे असल्यास ते थेट विक्रेत्याला देऊन बिल स्वतःच्या नावे घ्यावे. उर्वरित रक्कम तारखेनुसार न देता पूर्ण झालेल्या कामाच्या टप्प्यांनुसार द्यावी. उदाहरणार्थ, ४ लाख रुपयांच्या कामात प्रारंभी ६० हजार. नळजोडणी, फरशी आणि रंगकाम या प्रत्येक टप्प्यानंतर १ लाख. आणि सर्व दोष दूर झाल्यावर अखेरचे ४० हजार, अशी विभागणी करता येते. साहित्याचा दर्जा, मुदत आणि काम अर्धवट राहिल्यास रक्कम परत करण्याची अट करारात नमूद असावी. रक्कम बँकेमार्फत द्यावी. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्यानुसार मनाई आहे. वस्तू व सेवा कर आकारला जात असल्यास नोंदणी क्रमांक शासकीय संकेतस्थळावर पडताळावा.

काम रखडल्यास मुदत देणारी लेखी नोटीस पाठवावी आणि अपूर्ण कामाची छायाचित्रे जपून ठेवावीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला आपल्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडेही दाद मागता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क आकारले जात नाही. दिलेल्या रकमेवरच अधिकारक्षेत्र ठरत असल्याने प्रत्येक पावती महत्त्वाची ठरते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.

प्रारंभापासूनच फसवणुकीचा हेतू असल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार पोलिसांकडे तक्रार करता येते. केवळ विलंब म्हणजे फसवणूक नव्हे. अर्थात, दिलेली रक्कम परत मिळवण्यापेक्षा ती टप्प्याटप्प्याने देणे केव्हाही सोपे असते.