रॉक मशीनची कॅसेट आणि स्वतःचे गाणे

घोडनदीकाठच्या शिरूरकरांना आणि भीमाकाठच्या दौंडकरांना मुंबईतल्या इंग्रजी गाण्यांची कथा कशाला सांगावयाची, असे कोणी विचारील. आम्ही ती सांगतो, कारण तिच्यातला प्रश्न आपल्या घरचा आहे.

१९८४ साली मुंबईत काही तरुणांनी ‘रॉक मशीन’ नावाचा बँड उभा केला. त्या काळी कॉलेजांच्या संमेलनांतून वाजविणाऱ्या बहुतेक बँडांचा रिवाज एकच होता: विलायत-अमेरिकेतील नामांकितांची गाणी हुबेहूब वाजवावयाची. नक्कल जितकी बिनचूक, तितक्या टाळ्या अधिक. रॉक मशीननेही आरंभी तेच केले. परंतु १९८८ साली त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा पहिला संग्रह निघाला, तो स्वतःच्या गाण्यांचा. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, बास गिटारवर मार्क सेल्विन. भाषा इंग्रजी, घाट परका. पण शब्द आणि चाल उसनी नव्हे.

ह्या संग्रहाची मोहिनी कशात होती? अंगात भिनणारा ठेका, गिटारचा चढा सूर, सर्वांनी गळा मिळवावा असे ध्रुपद, ही कारणे खरीच. त्यात कॅसेट स्वस्त झालेली. तबकडीचे यंत्र घरी नसलेल्याच्याही हाती संगीत आले होते. पण मुख्य कारण आमच्या मते निराळे. आपल्याच शहरातली मुले हे रचू शकतात, असा धीर त्या कॅसेटने श्रोत्याला दिला.

इंग्रजीत गाऊन स्वत्व कसले, हा आक्षेप पोकळ नाही. पुढे १९९३ साली बँडने ‘इंडस क्रीड’ असे सिंधूचे स्मरण देणारे नाव घेतले; त्याच वर्षी ‘प्रीटी चाइल्ड’ला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

नव्या शब्दांवाचून फड जगत नाही, हे तमासगिराला शिकवावे लागत नाही. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर ह्यांनी फडांसाठी वग आणि गीते लिहिली, ती ह्याच गरजेपोटी. मुंबईच्या मुलांनी तीच वाट धरली.

आपल्या गणपतीच्या मांडवांतही सिनेमाची गाणी हुबेहूब म्हणणारी मुले आहेत. त्यांना टाळ्या द्याव्यात. पण त्यांच्यापैकी कोणी स्वतः रचलेले गाणे अडखळत म्हणू लागला, तर ते पुरते ऐकल्यावाचून उठू नये, एवढीच आमची विनंती.