चांगल्या माणसाची वही

नववीच्या वर्गात निवडणूक शिकवताना मी अमेरिकेतील 'टीमस्टर्स' या ट्रकचालकांच्या युनियनची हकीकत हमखास सांगतो. युनियनचा पैसा उमेदवाराच्या प्रचाराला वापरण्यास १९५९ च्या लँड्रम-ग्रिफिन कायद्याने बंदी आहे. १९९१ साली, सरकारी देखरेखीखाली, सभासदांनी प्रथमच थेट मतदानाने अध्यक्ष निवडला तो रॉन कॅरी, गुंडगिरीविरुद्ध उभा राहिलेला माणूस. देणग्या व खर्च यांचा हिशेब देणे उमेदवारांवर बंधनकारक होते.

१९९६ मध्ये कॅरींनी जेम्स हॉफा यांना निसटते हरवले. पुढे चौकशीत उघड झाले की, युनियनच्या तिजोरीतून बाहेरच्या संस्थांना रकमा गेल्या आणि त्या बदल्यात कॅरींच्या प्रचारनिधीत देणग्या आल्या. ऑगस्ट १९९७ मध्ये त्यांनी यूपीएसचा मोठा संप जिंकला. त्याच महिन्यात निवडणूक रद्द झाली, नोव्हेंबरात ते अपात्र ठरले. २००१ मध्ये खोट्या साक्षीच्या आरोपातून ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. पद मात्र गेले ते गेलेच.

एकदा एका मुलाने विचारले, "सर, माणूस चांगला होता, तरीही?"

मी म्हणालो, "बाळ, म्हणूनच. चांगल्या माणसाची वही आपण उघडतच नाही." आपल्या सीमाभागातील वाचनालये, पतपेढ्या, मंडळे यांच्या सभासदांनीही हे ध्यानी धरावे.