सात बेटांचे पाणी

मुंबईची सात बेटे १६६१ च्या तहाने पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात इंग्रजांना आंदण मिळाली. १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला १० पौंडांवर कंपनीला देऊन टाकली! पुढे खाड्या बुजवून बेटे जोडली, पण गोड्या पाण्याची वानवा होतीच. १८६० मध्ये विहार तलाव झाला, तोही पुरेना. मग नजर वळली आमच्या शहापूरकडे. १८९२ मध्ये तानसा झाला. स्वातंत्र्यानंतर वैतरणा आणि भातसा. आज मुंबईला सर्वांत जास्त पाणी भातसाचेच. बेटांच्या इतिहासात मला कुलाबा, माझगाव, वरळी भेटतात. धरणांखाली गेलेली शेते क्वचितच. आणि उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर बायका हंडे मांडून टँकरची वाट पाहत असतात.