अस्सल, नक्कल आणि आखाजीची कॅसेट

परवा गावाकडचं घर आवरताना माळ्यावरून अण्णांची पत्र्याची पेटी खाली काढली. अण्णा म्हणजे माझे थोरले काका. १९६२ पासून पुढची वीस-बावीस वर्षं जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या पंचक्रोशीत लग्न म्हटलं की अण्णांचा लाऊडस्पीकर ठरलेला. कडुलिंबाच्या फांदीला कर्णा बांधायचा, खाली बाजेवर मशीन आणि शेजारी रेकॉर्डींची ही पेटी. पेटीला हात लावलेला त्यांना खपत नसे. रेकॉर्ड कडेनेच धरायची, हे आम्ही मुलं पाढ्यांच्या आधी शिकलो.

पेटीत साठेक रेकॉर्डी निघाल्या. निम्म्या जुन्या ७८ च्या, बाकी ४५ च्या छोट्या. आणि तळाशी एक कॅसेट. अण्णांच्या पेटीत कॅसेट म्हणजे सोवळ्यात चपला. ती तिथे कशी आली हे मला माहीत होतं, म्हणून आज हे लिहायला बसलो.

धुळ्याला आग्रा रोडच्या बाजूला माझ्या मामाचं कॅसेटचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकात अशी दुकानं गावोगाव निघाली. गाण्यांची यादी नेऊन द्यायची, दुकानदार आपल्याकडच्या रेकॉर्डवरून ती गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा. तुमच्या पसंतीची, तुमच्या क्रमाने. कायद्यात हे बसत नव्हतं, पण तेव्हा ते कुणाच्या गावीही नव्हतं. अण्णा आणि मामा एकत्र आले की वाद ठरलेला. अण्णा म्हणायचे, "रेकॉर्ड ती रेकॉर्ड. तुझी कॅसेट म्हणजे उष्टं गाणं." मामा हसून अहिराणीत उत्तर द्यायचा, "लोकेसले गाना आयकाले जोयजे, तबकडी कोन दखस?"

हा वाद आमच्याच घरचा, असं मला वाटायचं. पुढे कळलं की साता समुद्रापलीकडे यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. उत्तर इंग्लंडमधल्या गिरणगावांत १९७० च्या दशकात साठच्या दशकातल्या अमेरिकन सोल गाण्यांवर रात्र-रात्र नाचायची लाट आली होती. विगन कसिनो हे त्यातलं नावाजलेलं ठिकाण, १९७३ ते १९८१ चाललेलं. तिथला डीजे मोठा कशावरून, तर दुसऱ्या कुणाकडे नाही अशी रेकॉर्ड त्याच्याकडे आहे यावरून. शेजारच्या डीजेला सुगावा लागू नये म्हणून लेबलावर कागद चिकटवून गाण्याला खोटं नाव द्यायचे! ज्यांना मूळ रेकॉर्ड मिळत नसे ते स्टुडिओतून एकेक तबकडी कोरून घेत. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा थर असलेली ही तबकडी थोड्याच वेळा वाजवली की झिजायची. पुढे सीडी आल्या आणि 'मूळ रेकॉर्डच वाजवायची' असा नियम काही ठिकाणी पाळला जाऊ लागला. फ्रँक विल्सन या गायकाच्या १९६५ च्या एका रेकॉर्डच्या जेमतेम दोन-चार प्रती शिल्लक राहिल्या. त्यातली एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांवर गेली. तेच गाणं सीडीवर चार-पाच पौंडांत मिळत होतं. अण्णांना हे कळलं असतं तर त्यांनी विजयी मुद्रेने मामाकडे पाहिलं असतं :)

पण थोडं खोलात गेलं की अण्णांची बाजू वाटते तितकी भक्कम राहत नाही. ७८ ची रेकॉर्ड मुख्यतः लाखेची. टेप येण्यापूर्वी गायकाचा आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. त्यावर धातूचा मुलामा चढवून उलटा साचा काढत, तो 'मास्टर'. त्यावरून 'मदर', तिच्यावरून 'स्टॅम्पर', आणि स्टॅम्परने दाबून काढलेली ती आपल्या हातातली रेकॉर्ड. म्हणजे अण्णा ज्याला अस्सल म्हणत ती मूळ मेणाची चौथी पिढी! शिवाय पोलादी सुईने प्रत्येक वेळी खाच थोडी खरवडली जायची. अण्णा प्रत्येक बाजूला नवी सुई लावत, तरी लग्नात शंभरदा वाजलेली रेकॉर्ड पहिल्या दिवसासारखी कुठून राहणार?

मामाची बाजूही तशी लंगडीच. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर एवढ्या संथ सरकते आणि रुंदीला चार मिलिमीटरही नसते. मागे सतत 'सूंऽऽ' आवाज. कॅसेटवरून कॅसेट भरली की तो आणखी वाढतो. सीडी आली, सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन तिने आवाज आकड्यांत बांधला. मग नकलेची नक्कल केली तरी आकडे तेच राहिले. पण जुन्या रेकॉर्डीची खरखर काढता काढता काही सीड्यांत गाण्याची धारही पुसली गेली.

अस्सल आणि नक्कल हा वाद खानदेशाला नवा नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींवर विसंबू नका, अस्सल कागद आणा, असा धोशा लावला. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते वारले ते धुळ्यातच. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. आणि त्याच धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातलं वाल्मीकी रामायण जपून ठेवलेलं आहे. ते काय आहे? नक्कलच की! रचना वाल्मीकींची, समर्थांनी फक्त उतरवून घेतली. पण तो हात समर्थांचा, म्हणून ती नक्कल आज अस्सलाच्या मोलाची आहे.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाईंचंही तेच. त्यांना लिहिता येत नव्हतं. ओव्या त्यांच्या ओठांवर होत्या. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून घेतल्या, त्या १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर, पुस्तकात आल्या. १९६१ च्या 'मानिनी'त वसंत पवारांनी त्यांतल्या काहींना चाली लावल्या आणि त्या रेकॉर्डवर गेल्या. आपल्यापर्यंत बहिणाबाई पोचल्या त्या कुणीतरी उतरवून घेतल्या म्हणून. शेतात, जात्यावर म्हटलेलं अस्सल तेव्हाच वाऱ्यावर गेलं.

आता त्या कॅसेटकडे येतो. १९८६ ची आखाजी. मामा माझ्या आईला न्यायला मुराळी म्हणून आला होता. येताना अण्णांसाठी त्यांच्या आवडीची गाणी भरलेली साठ मिनिटांची कॅसेट घेऊन आला. आखाजीचा मुहूर्त, त्यामुळे अण्णा लग्नाच्या कामावर. आत्या माहेरी आलेल्या. संध्याकाळी लिंबाला झोका बांधला होता आणि आत्यांसोबत आजी गाऊ लागली. मामाने सहज टू-इन-वनचं बटण दाबलं. दुकानात गाणं मधे तोडत नसत, म्हणून कॅसेटच्या शेवटी थोडी जागा कोरी राहायची. तेवढ्यात आजीचं गाणं भरलं.

निघताना मामा अण्णांना एवढंच म्हणाला, "शेवटपर्यंत ऐका." अण्णांनी कॅसेट पेटीत टाकली. आजी १९८९ मध्ये गेली, अण्णा २०११ मध्ये. त्यांनी ती कधीच ऐकली नाही, हे काकूने परवा सांगितलं. साठ रेकॉर्डी त्यांनी जिवापाड जपल्या. त्यांतली मी शोधून पाहिली ती सगळी गाणी आज मोबाइलवर सापडतात. जे कुठेच मिळणार नाही ते त्याच पेटीत पंचवीस वर्षं पडून होतं.

फीत बुरशीने चिकटली होती. जळगावला एका जाणकाराने साफ करून ती एकदाच चालवली आणि संगणकावर उतरवून घेतली. साडेतीन मिनिटं. ७८ च्या एका बाजूएवढी. खरखर भरपूर, मधे एक म्हैस ओरडते, झोक्याची दोरी करकरते. आजीचा आवाज आत्यांच्या मागून येतो आणि मग पुढे निघून जातो. तो साफ करून देऊ का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं.

मामाला फोनवर ऐकवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भाऊंना एकदा बसवून ऐकवायला पाहिजे होती. मीच वाद घालत बसलो."

नातेवाईकांनो, फाइल सगळ्यांना पाठवतो आहे. आणि तुमच्या माळ्यावर अशा कॅसेटी असतील तर टाकून देण्याआधी शेवटपर्यंत ऐका.