ख्रिस्तपुराणातील प्रतीक्षा

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आला आणि रुळलाही. पण नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ ख्रिस्ती समाजाबाहेर फारसा कोणाला परिचित नाही. धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रे असलेला हा संयमाचा काळ. त्यातला तिसरा रविवार मात्र गुलाबी वस्त्रांचा, हर्षाचा. आनंद दारी येण्यापूर्वी त्याची वाट पाहायची आणि त्या वाट पाहण्यातच तो थोडा चाखायचा, अशी ही रीत आहे. मराठीत ती सर्वांत विस्ताराने उतरली फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त.

1579 साली गोव्यात आलेले हे इंग्रज जेझुइट 1619 मध्ये निवर्तले. मधली बहुतेक वर्षे त्यांनी साष्टीत काढली. त्यांचे पुराण 1616 मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या सुमारे 11 हजार ओव्यांपैकी आपण ओळखतो त्या मराठी भाषेच्या स्तुतीच्या मूठभर! पाठ्यपुस्तके तेथेच थांबतात, आणि आपणही.

खरे तर पुढे गेल्यावर ध्यानात येते, की ग्रंथाची बांधणीच आगमनकाळाची आहे. ‘पहिले पुराण’ जुन्या कराराचे. सृष्टीची उत्पत्ती, मानवाचे पतन, संदेष्ट्यांची भाकिते असे अवस्वरामागून अवस्वर सरतात, तरी ज्याच्या नावाचे हे पुराण तो अजून जन्मलेला नसतो. त्याचा जन्म येतो दुसऱ्या पुराणात. श्रोत्याला हजारो ओव्या तिष्ठत ठेवणारा हा कवी उतावळा नाही. आणि म्हणूनच बेथलेहेमच्या त्या रात्रीचा हर्ष उसना वाटत नाही.

पण हा आनंद कोणासाठी होता? 1567 मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली होती. पूर्वीची पुराणे वाचण्यास नव्या ख्रिस्ती लोकांना मनाई होती. ग्रंथारंभीच एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, की आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे द्या. ही मागणी साधी नाही. हिरावून घेतलेल्या रसाची ती भरपाई आहे, आणि भरपाई देणाराही हिरावून घेणाऱ्यांच्याच गोटातला. स्टीफन्स यांच्या ओवीवरचे माझे प्रेम या जाणिवेने उणावत नाही. मात्र ते निर्वेधही राहत नाही.

पुढे 1684 मध्ये लोकभाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे, असे फर्मान निघाले. पुराणाच्या 1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांत. गोवा सोडून कानडा किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो जपला आणि 1907 मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला तो पुन्हा छापला, तोही रोमन लिपीतच. मराठी वाचकाला हा जन्मसोहळा त्याच्या स्वतःच्या लिपीत छापील मिळण्यास 1956 साल उजाडावे लागले. पुण्यात शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली, तेव्हा मूळ ग्रंथाला 340 वर्षे झाली होती.