आपल्याच तारुण्याशीं सामना



कलावंताच्या वार्धक्याचा प्रश्न नवा नाहीं. ज्या दिवशीं पहिला गवई म्हातारा झाला त्याच दिवशीं तो उत्पन्न झाला असला पाहिजे. परंतु जुन्या काळच्या गवयास एक मोठी सवलत होती. त्याचें तारुण्यांतील गाणें केवळ श्रोत्यांच्या आठवणींत उरत असे, आणि आठवणीची उलटतपासणी कोणास करतां येत नाहीं. ध्वनिमुद्रिका आली आणि ही सवलत संपली. बाविसाव्या वर्षीं वाजविलेला एकेक स्वर आतां घरोघर कपाटांत जपून ठेवलेला असतो. आणि तोच मनुष्य बहात्तराव्या वर्षीं रंगमंचावर आला म्हणजे श्रोता नकळत त्या दोघांना समोरासमोर उभे करतो. हा सामना ज्यांच्या वांट्याला फार कठोर रूपानें आला अशा इंग्लंडांतील कांहीं वादकांची हकीकत आज मला आपणांस सांगावयाची आहे.

त्यांच्या संगीतास ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’, म्हणजे प्रागतिक रॉक, असें नांव पडलें. १९६७ सालीं चार्टरहाउस या शाळेंतील मुलांनीं ‘जेनेसिस’ ही मंडळी काढली. १९६८ सालीं लंडनमध्यें ‘येस’ निघाली. १९६९ च्या ५ जुलैस हाइड पार्कमध्यें ‘रोलिंग स्टोन्स’च्या जलशासाठीं जमलेल्या अफाट समुदायापुढें ‘किंग क्रिम्सन’ ही नवी मंडळी वाजवून गेली, आणि १९७० सालीं एमर्सन, लेक व पामर हे तिघे एकत्र आले. तीन मिनिटांच्या गाण्याचा या तरुणांना कंटाळा आला होता. दीर्घ ध्वनिमुद्रिकेची एक बाजू वीस-बावीस मिनिटें चालते, तेव्हां रचनाही तेवढीच लांब कां असूं नये, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. एकट्या १९७२ सालीं जेनेसिसची सुमारें २३ मिनिटांची ‘सपर्स रेडी’, येसची १८ मिनिटांहून मोठी ‘क्लोज टु द एज’, आणि ‘जेथ्रो टल’ या मंडळीची ध्वनिमुद्रिकेच्या दोन्ही बाजू व्यापणारी ‘थिक ॲज अ ब्रिक’ अशा तीन रचना बाहेर पडल्या. त्या वेळीं जेनेसिसचे फिल कॉलिन्स २१ वर्षांचे, टोनी बँक्स २२ वर्षांचे, आणि जेथ्रो टलचे इयन अँडरसन २४ वर्षांचे होते!

या वयांकडे मी मुद्दाम लक्ष वेधीत आहें. लय मध्येंच पालटावयाची, सात किंवा नऊ मात्रांच्या विषम आवर्तनांत सफाईनें फिरावयाचें, पियानो आणि ऑर्गन यांवर दोन हातांनीं दोन वेगळीं कामें करावयाचीं, गळा तारसप्तकांत तासभर ठेवावयाचा, हा सारा तारुण्याचा उद्योग होता. वाद्यें देखील धन्याची परीक्षा पाहणारीं होतीं. मेलोट्रॉन म्हणून एक वाद्य या मंडळींना फार प्रिय होतें. त्याच्या प्रत्येक पट्टीखालीं ध्वनिमुद्रित फितीचा एक तुकडा असे, आणि तो सुमारें ८ सेकंदांत संपे. तेवढ्या अवधींत बोट उचललें नाहीं तर वाद्यवृंदाचा तो भरदार आवाज एकाएकीं नाहींसा होई. अशा वाद्यांवर उभारलेलें हें संगीत पन्नास वर्षांनंतरही आपणांसच वाजवावें लागेल, हा विचार त्या मुलांच्या स्वप्नांतही आला नसेल.

आपल्या ख्यालगायकाला उतारवयांत एक वाट मोकळी असते. दमसास कमी झाला तर तो तान आंखूड करतो आणि आलापी वाढवितो. राग तोच राहतो आणि मैफल त्या दिवसाच्या आवाजाप्रमाणें बांधतां येते. उलट युरोपांतील सिंफनी ही स्वरलिपींत पक्की बांधलेली असते. पण ती वाजविणारे वादक पिढ्यानपिढ्या बदलतात आणि त्याबद्दल कोणी खेद करीत नाहीं. प्रागतिक रॉकच्या वांट्याला या दोन्ही परंपरांतील अडचण तेवढी आली. त्यांतील रचना सिंफनीसारखी पक्की, ती श्रोत्याला मात्रेमात्रेसह पाठ. आणि तरीही ती ज्या व्यक्तीनें निर्माण केली त्याच व्यक्तीच्या हातून व गळ्यांतून यावी असा आग्रह गवयाच्या मैफलीसारखा. वार्धक्य येथें इतकें उघडें पडतें याचें कारण हेंच.

१९७७ च्या सुमारास इंग्लंडांत पंक संगीताची लाट आली, आणि तिशीच्या आसपासच्या या वादकांना ‘डायनासोर’ म्हणून हिणविण्यांत आलें. त्यानंतर मंडळ्या फुटल्या, पुन्हा जमल्या, कांहींनीं सोपीं गाणीं करून अमाप यश मिळविलें. परंतु १९७२ सालचा श्रोता त्या जुन्या रचनांना विसरला नाहीं. एकविसाव्या शतकांत तो पिकल्या केसांनीं, अनेकदां मुलांना बरोबर घेऊन, जलशांना परतला. आणि रंगमंचावर काय करावयाचें हा प्रश्न खराखुरा उभा राहिला.

प्रथम जेनेसिसचें उत्तर पाहूं. कॉलिन्स या मंडळींत १९७० सालीं ड्रमवादक म्हणून आले. १९७५ सालीं गायक पीटर गॅब्रिएल बाहेर पडले, तेव्हां गाण्याची जबाबदारीही त्यांच्यावर पडली. २००७ च्या दौऱ्यानंतर मानेच्या मणक्यांच्या दुखण्यानें त्यांच्या हातांतील बळ गेलें. २००९ सालीं शस्त्रक्रिया होऊनही पूर्वीसारखें ड्रमवादन त्यांना साधेना. २०२१ च्या सप्टेंबरांत बर्मिंगहॅम येथें मंडळीचा अखेरचा दौरा सुरू झाला, त्या वेळीं ते काठीच्या आधारानें रंगमंचावर येत आणि खुर्चींत बसून गात. गाण्यांची पट्टी उतरविलेली होती. पाठीमागें ड्रमवर त्यांचा मुलगा निक होता; त्याचें वय २० वर्षें. २६ मार्च २०२२ रोजीं लंडनच्या ओ-टू सभागृहांत शेवटचा जलसा झाला. कॉलिन्स ७१ वर्षांचे होते. बँक्स यांना दुसऱ्याच दिवशीं ७२ वें वर्ष पूर्ण व्हावयाचें होतें. गॅब्रिएल त्या रात्रीं प्रेक्षकांत आले होते. ‘सपर्स रेडी’ची फर्माईश ओरडून करणारे कदाचित् तेच असावेत, अशी कॉलिन्स यांनीं थट्टा केली, आणि आतां आम्हां सर्वांना खऱ्याखुऱ्या नोकऱ्या शोधाव्या लागतील असेंही ते हंसत हंसत म्हणाले.

या थट्टेंत एक कबुली दडलेली होती. ‘सपर्स रेडी’ संपूर्ण वाजविणें आतां त्या मंडळीच्या बेतांत नव्हतें. ज्यांना ती ऐकावयाची होती ते त्याच वर्षीं जेनेसिसचे जुने गिटारवादक स्टीव्ह हॅकेट यांच्याकडे गेले. त्यांनीं वयाच्या ७२ व्या वर्षीं, दुसरा गायक घेऊन, ती रचना ज्या ध्वनिमुद्रिकेंत आहे ती ‘फॉक्सट्रॉट’ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजविली. म्हणजे एकाच घराण्यांतील दोघांनीं दोन उत्तरें दिलीं. एकानें माणूस राखला आणि रचना कमी केली. दुसऱ्यानें रचना राखली आणि माणसें बदललीं.

येस मंडळीच्या बाबतींत ही फारकत अधिकच तीव्र झाली. २००८ सालीं गायक जॉन अँडरसन श्वसनाच्या गंभीर विकारानें आजारी पडले, तेव्हां त्यांच्या जागीं येसचींच गाणीं गाणाऱ्या एका नकलाकार मंडळींतील कॅनडाचा गायक घेण्यांत आला. संस्थापक बासवादक ख्रिस स्क्वायर हे २७ जून २०१५ रोजीं वारले, आणि त्यानंतर मंडळींत एकही संस्थापक उरला नाहीं. गिटारवादक स्टीव्ह हाउ यांनीं ती पुढें चालविली. इकडे अँडरसन बरे झाले. ऐंशीच्या घरांत पोंचल्यावरही तरुण अमेरिकन वादकांना घेऊन त्याच रचना गात राहिले. एकाकडे नांव राहिलें, दुसऱ्याकडे आवाज राहिला. खरी ‘येस’ कोणती, या प्रश्नावर रसिकांत कडाक्याचे वाद झाले. पण दोन्हीकडच्या श्रोत्यांना हवी होती ती वस्तु, म्हणजे १९७२ सालचे ते तरुण, कोणाच्याच पदरीं नव्हते.

या सर्व हकीकतींतील अत्यंत दुःखाचें पान कीथ एमर्सन यांचें आहे. ऑर्गन आणि मूग सिंथेसायझर यांवरील त्यांचें प्रभुत्व अचाट होतें. २६ मार्च १९७१ रोजीं न्यूकॅसल येथें त्यांच्या मंडळीनें मुसोर्गस्कींच्या ‘पिक्चर्स ॲट अ‍ॅन एक्झिबिशन’ या रचनेचा जो अवतार सादर केला, त्याची ध्वनिमुद्रिका आजही ऐकणाऱ्यास थक्क करते. पुढें १९९३ च्या सुमारास उजव्या हाताच्या मज्जातंतूंचा विकार त्यांना जडला. उपचार झाले, पण दुखणें समूळ गेलें नाहीं. २०१६ च्या एप्रिलांत जपानमध्यें त्यांचे जलसे ठरले होते. आपल्या हातून रसिकांची निराशा होईल या भीतीनें ते ग्रासले होते, आणि आपल्या उतरत्या वादनाविषयींचे कठोर शेरे वाचून ते कष्टी होत, असें त्यांच्या सहचरीनें मागाहून सांगितलें. ११ मार्च २०१६ रोजीं, वयाच्या ७१ व्या वर्षीं, त्यांनीं आपलें जीवन संपविलें. त्याच वर्षाच्या ७ डिसेंबरला ग्रेग लेकही गेले. उरले कार्ल पामर. त्यांनीं पुढें जलसे केले ते पडद्यावर १९९२ सालच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील चित्रफितीत वाजविणाऱ्या दोन मित्रांना साथ करून! सत्तरी ओलांडलेला एक जिवंत मनुष्य, न थकणाऱ्या दोन छायांबरोबर लय जुळवीत आहे, या दृश्यांत निष्ठा किती आणि विषाद किती, हें सांगणें कठिण आहे.

एमर्सन यांच्या मृत्यूचें एकच कारण सांगणें अन्यायाचें होईल. मनाचे व्याधि इतके सरळ नसतात. तथापि श्रोता म्हणून आपला संबंध जेथें येतो ती गोष्ट टाळतां येत नाहीं. ‘पूर्वीसारखें वाजविलें नाहीं’ हें वाक्य उच्चारावयास फार सोपें असतें, आणि तें बहुधा खरेंही असतें. परंतु पैसे देऊन तिकीट घेतलें म्हणजे दुसऱ्याचें तारुण्य विकत मिळतें, अशी त्यामागील समजूत मात्र खोटी आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. जर हात चालत नाहीं, गळा चढत नाहीं, तर मग वेळीच थांबावें हें बरें नव्हे काय? भारी दरानें तिकिटें विकून जुन्या आठवणींचा व्यापार कशासाठीं? कांहींनीं खरोखरच असा विचार केला. येस व किंग क्रिम्सन या दोन्ही मंडळ्यांत गाजलेले ड्रमवादक बिल ब्रुफर्ड यांनीं २००९ च्या आरंभीं, साठी गांठण्यापूर्वींच, सार्वजनिक वादनांतून निवृत्ति पत्करली. पण गंमत अशी कीं, सुमारें बारा-तेरा वर्षांनीं ते परत आले, आणि आले ते जॅझ वाजविणाऱ्या एका लहानशा त्रयींत, साधे साथीदार म्हणून. थांबणें ही शोभा खरी. परंतु वाजविणें हाच ज्यांचा श्वास झाला, त्यांना ती शोभा कायमची पेलतेच असें नाहीं.

थांबणें आणि ओढणें यांच्या मधली एक वाट किंग क्रिम्सनचे प्रमुख रॉबर्ट फ्रिप यांनीं दाखविली. २०१४ सालीं त्यांनीं सात जणांची नवी मांडणी केली. तीन ड्रमवादक पुढच्या रांगेंत, आणि स्वतः फ्रिप मागें, नेहमींप्रमाणें स्टुलावर बसलेले. १९६९ च्या रचना त्यांनीं वाजविल्या, पण नव्यानें बांधून. बिल रीफ्लिन यांनीं कर्करोग जडलेला असतांही अनेक दौऱ्यांत साथ दिली. ते २०२० च्या मार्चमध्यें वारले. या जलशांत छायाचित्रें घेण्यास प्रेक्षकांना मनाई असे. शेवटीं बासवादक टोनी लेव्हिन आपला कॅमेरा हातीं घेत, तेव्हांच इतरांनीं आपापले काढावयाचे. पाहा आणि ऐका, सांठवूं नका, असा त्यांतील अर्थ होता. ८ डिसेंबर २०२१ रोजीं टोकियो येथें हा प्रवास संपला. फ्रिप तेव्हां ७५ वर्षांचे होते.

जेथ्रो टलचे इयन अँडरसन यांनीं आणखी एक उपाय योजिला, तो नव्या निर्मितीचा. एका पायावर उभे राहून बासरी वाजविणारे हे गृहस्थ मुंबईकरांस अपरिचित नाहींत. २००८ च्या नोव्हेंबरांतील हल्ल्यानंतर, ५ डिसेंबर रोजीं, पीडितांच्या साहाय्यार्थ अनुष्का शंकर यांच्यासह त्यांनीं मुंबईंत जलसा केला. आपणांस फुप्फुसांचा जुनाट विकार असल्याचें त्यांनीं २०२० सालीं जाहीर केलें. गायक आणि बासरीवादक या दोघांचेंही भांडवल श्वास हेंच! तरीही २०२२, २०२३ आणि २०२५ सालीं त्यांनीं नव्या ध्वनिमुद्रिका काढल्या. पंचविशींतील रचना बदलतां येत नाहीं; पण पंचाहत्तरीच्या छातीला पेलेल अशी नवी रचना करतां येते.

मग अशा जलशास श्रोत्यानें कशासाठीं जावें? निर्दोष वादनासाठीं जाऊं नये; त्यासाठीं घरची ध्वनिमुद्रिका पुरेशी आहे, आणि तिला वार्धक्य नाहीं. जलशांत पाहावयास मिळतें तें ध्वनिमुद्रिकेंत कधींच नसतें. पोरवयांत केलेल्या एका धाडसी कामाची जबाबदारी मनुष्य म्हातारपणीं कशी उचलतो, कोठें वांकतो, कोठें दुसऱ्याचा हात मागतो, आणि कोठें नाकारतो, हें तेथें प्रत्यक्ष दिसतें. खुर्चींत बसलेल्या कॉलिन्स यांचा स्वर जेथें पोंचेना, तेथें हजारों श्रोते गाऊं लागत. पन्नास वर्षें ज्यांनीं ऐकलें त्यांनीं घटकाभर गावें आणि गाणाऱ्यानें ऐकावें, यांत कमीपणा कोणालाच नाहीं. कलावंतानें आपल्याला तारुण्य दिलें असेल, तर त्याच्या वार्धक्याला थोडी साथ करणें, हें श्रोत्याचेंच काम आहे.